हातोडी रांजणात होती

शाळेच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी दुकानात युरियाची पोती मोजत होतो. ‘आयुष्याला वळण देणाऱ्या शिक्षकांवर दोन पानं लिहा, पंधरा तारखेच्या आत.’ शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. माझं गणित अमुक सरांमुळे सुधारलं असं लिहायला ते आधी सुधारायला पाहिजे होतं. मी घंटीवाल्या बाबांवर लिहितो. ते शिक्षक नव्हते, शिपाई होते. मस्टरवर त्यांचं जे नाव होतं ते आम्हा पोट्ट्यांपैकी कोणी कधी घेतलं नाही, म्हणून इथंही घेत नाही.

1979 साली मी पाचवीत आलो. तेव्हा शाळा म्हणजे कवेलूच्या पाच खोल्या, पुढे कडुनिंब आणि निंबाला तारेनं टांगलेला हातभर रुळाचा तुकडा. तो रूळ शकुंतलेचा होता असं सगळे म्हणत. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली छोटी लाईन, 113 किलोमीटरची. तिच्यावर 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तेव्हा धावत होतं. धावत होतं म्हणजे आपण म्हणायचं. पण त्या रुळाचा आवाज असा खणखणीत होता की तुरीत डवरणाऱ्या माणसालाही शाळा भरली हे कळायचं.

बाबा ख्रिस्ती होते. मिशनच्या आवारातल्या घरून सायकलनं यायचे, डोक्याला पांढरा रुमाल, हँडलला डबा. त्यांचे आजोबा 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळातले अनाथ. वऱ्हाडात तेव्हा माणसं रस्त्यानं मरून पडत होती. अकोला-खामगावकडे अलायन्स मिशननं आणि यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशननं अशी पोरकी लेकरं सांभाळली. आजोबांनाही कोणीतरी बैलबंडीत टाकून यवतमाळला पोचवलं. ‘कोणं नेलं थे त्याईले माईत नोतं,’ बाबा सांगायचे, ‘बैल पांढरे होते इतकं आठवे.’

गावात त्यांना मागून ‘किरिस्ताव’ म्हणत. खोटं कशाला बोला, आमच्याही घरी म्हणत. शाळेचे रांजण बाबा भरायचे, म्हणून आजीनं मला घरून पाण्याचा तांब्या दिला होता. बाबांनी तो पाहिला, कशासाठी आहे तेही त्यांना समजलं असणार. ते एवढंच म्हणाले, ‘सावलीत ठेवजो, उन्हात पाणी तपते.’ पंधरा-वीस दिवस मी तांब्या नेला. मग विसरायला लागलो. आजीलाही पुढे कशी कोण जाणे, आठवण राहिली नाही.

ते आम्हाला येशूबद्दल काही सांगतील असं आम्हाला फार वाटायचं. घंटीच्या खोलीत, खडूच्या खोक्याशेजारी त्यांचा बायबलातला नवा करार असायचा, कडा तेलकट झालेला. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की पानभर वाचत, ओठ हलवत. एकदा आम्ही तिघांनी विचारलंच, ‘बाबा, तुमी आमाले काऊन नाही सांगत?’

‘शाळा मले घंटी वाजवाचा पगार देते बाप्पा, बायबल सांगाचा नाही.’ आणि उठून त्यांनी घंटी दिली.

रविवार मात्र त्यांचा पक्का होता. 1982 चा पंधरा ऑगस्ट रविवारी आला. आम्ही आठवीत. झेंडावंदनाला बाबा येणार नाहीत अशी आम्ही पैज लावली होती. सकाळी पोचलो तर मैदान झाडलेलं, फक्की टाकलेली, झेंड्यात फुलं बांधून दोरी चढवलेली. बाबा धुतलेल्या सदऱ्यात रांगेच्या शेवटी उभे. राष्ट्रगीत संपलं, बुंदी वाटून झाली आणि ते सायकलवर टांग टाकून उपासनेला गेले. पैजेचे चाराणे मी अजून दिलेले नाहीत, समितीतल्या एका सन्माननीय सदस्याला ते आठवत असेल.

एकदा ते मलाही घेऊन गेले होते, कापणीच्या सणाला. आजीला सांगितलं नव्हतं. यवतमाळहून सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची, चार पोरं पेटी-ढोलकी घेऊन आली होती. (ती सेमिनरी पुढे 1983 साली पुण्याला गेली. ‘गाणारे पोट्टे गेले न पुण्याले,’ असं बाबा किती दिवस म्हणत होते.) देवळात वेदीपुढे ज्वारीची कणसं, कापूस, भोपळे, अंडी, असं ज्याच्या घरचं जे असेल ते मांडलेलं. बाबांनी एक कोंबडा आणला होता. उपासना झाल्यावर त्या सगळ्याचा लिलाव झाला, पैसे देवळाला. कोंबड्याची बोली सुरू झाली आणि बाबाच बोली लावू लागले. अकरा रुपयांना स्वतःचाच कोंबडा सोडवला. परत येताना मी विचारलं, तर म्हणाले, ‘देल्लं थे देल्लं. पण त्याच्याबिगर म्हाई बुडी सकाऊन उठत नाही.’

आता हातोडी.

सहावीत होतो, थंडीचे दिवस. घंटी वाजवायची हातोडी लाकडी मुठीची होती आणि ती दारामागच्या खिळ्याला असायची. एका सकाळी ती दिसेना. आदल्या दिवशी मी ती घेऊन बोरं फोडत होतो, ते बाबांनी पाहिलं होतं. प्रार्थनेसाठी रांगा लागलेल्या, घंटी नाही, मुख्याध्यापक घड्याळ पाहताहेत. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. ‘यानंच नेली. काल याच्याच हातात होती.’ सगळ्या शाळेदेखत. मला दोन छड्या बसल्या, आणि चार दिवस पोरं मला ‘हातोडी’ म्हणत होती. त्या दिवसांत बाबा दगडानं घंटी वाजवायचे. दगडाचा आवाज वेगळा येतो, प्रत्येक तासाला मला तो ऐकावा लागे.

पाचव्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर त्यांनी रांजण रिकामे करून घासायला घेतले. दुसऱ्या रांजणाच्या तळाशी हातोडी. कोणी टाकली ते कधीच कळलं नाही. तिथं दुसरं कोणी नव्हतं. हातोडी पुसून खिळ्याला लावली असती तर सोमवारी सगळे म्हणाले असते, बरं झालं, पोट्ट्यानं आणून ठेवली.

सोमवारी प्रतिज्ञा झाली आणि बाबा मुख्याध्यापकांपाशी जाऊन काहीतरी बोलले. मग रांगांसमोर आले. हातोडी वर धरली, मुठीचं लाकूड पाण्यानं फुगून काळं पडलं होतं. म्हणाले, ‘हे रांजणात होती. म्या या लेकरावर आळ घेतला. थे खोटं होतं. म्हाई चुकी झाली.’ नंतर हातोडी काखेत धरून माझ्यापुढे आले आणि त्यांनी मला हात जोडले. ‘माफ कर बाप्पा.’

मी अकरा वर्षांचा, ते पन्नाशीचे. कुठं पाहावं कळेना. त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाऐवजी सेफ्टी पिन होती, ती मी पाहत राहिलो. मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, ‘चला, वर्गात चला.’ छड्यांचा विषय काही निघाला नाही.

त्या वेळी माझ्या दप्तरात शाळेचे नऊ खडू होते. घंटीच्या खोलीतूनच उचललेले, त्याच आठवड्यात. हे मी पहिल्यांदा लिहितो आहे. दुपारी खोलीत कोणी नाही पाहून परत ठेवले. पाचच ठेवले, चार तोवर झिजले होते.

घरी आईला सांगितलं तर ती घाबरलीच. ‘मोठ्या माणसानं हात जोडले तं पाप लागते रे!’ संध्याकाळी मला घेऊन निंबापाशी आली, बाबांच्या पाया पडायला लावलं. तिनं विचारलं, ‘भाऊ, लेकराले एकट्याले बोलावून सांगतलं असतं, एवढं सगळ्याईसमोर काऊन?’

बाबा म्हणाले, ‘वहिनी, आळ चार लोकाईत घेतला न. मंग माफी कोपऱ्यात कशी मागू?’

पुढचं थोडक्यात. 1985 ला दहावी झालो, काठावर. शेती, मग तालुक्याला कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, औषधं, आणि उधारीची वही. हा धंदा ज्यानं केला त्यालाच माहीत. हंगामात गल्ल्यावर बसणाऱ्याची जीभ सैल सुटते.

2006 च्या जूनमध्ये एका शेतकऱ्यानं दोन पाकिटं सरकी मागितली. दुकान भरलेलं, पंधरा-वीस गिऱ्हाईकं. मी वही उघडली आणि मोठ्यानं म्हणालो, ‘मागचे अठराशे द्यायचे नाहीत आन् बियाणं पाहिजे? लाज वाटत नाही?’ तो म्हणाला, ‘भाऊ, देल्ले न मी.’ मी म्हणालो, ‘वही खोटं बोलते का?’ तो गेला. ते वर्ष कोणतं होतं हे वेगळं सांगायला नको. त्याच जूनच्या शेवटी पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आपला यवतमाळ जिल्हा होताच. कर्जापायी रोज कुठून ना कुठून बातमी येत होती आणि मी एका माणसाला वीस जणांत पैशावरून बोललो होतो.

रात्री हिशेबाला बसलो. लहान भाऊ म्हणाला, ‘त्यानं देल्ले, पोळ्याच्या आधीच. तू नागपूरले गेला होता.’ त्यानं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. अठराशे, तारखेसह.

पहिला विचार काय आला सांगतो. उद्या त्याला बोलावू, चहा पाजू, बियाणं घरी पोचवू, मिटलं. कोणाला कळायची गरज नाही. झोप लागेना. पहाटे कुठंतरी कोंबडा आरवला आणि मला त्या काळ्या पडलेल्या मुठीची आठवण झाली.

सकाळी गाडी काढून त्याच्या गावी गेलो. बियाणं सोबत नेलं नाही, ते नेलं असतं तर तो सौदा झाला असता. तो पारावर बसला होता, आणखीही माणसं होती. मी उभ्यानंच बोललो. वाक्य पाठ करून गेलो होतो ते विसरलो. बाबांचेच शब्द तोंडात आले, ‘थे खोटं होतं. माझी चुकी झाली.’ तो जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘होते भाऊ, चुकी होते.’ कोणी चहा सांगितला नाही. नंतर दोन हंगाम तो माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. बियाणं समोरून नेत होता, मी पाहत होतो.

त्या पावसाळ्यात बाबांना भेटायला गेलो. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, डोळ्याला मोतीबिंदू. बाजेवर बसून सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं, उगाच का लपवू.

‘पारावर किती लोकं होते?’ त्यांनी विचारलं.

‘आठ-दहा असतील.’

‘आन् दुकानात?’

‘पंधरा-वीस.’

बाबांनी बोटांवर मोजलं, हळूहळू, पेरं दाबत.

‘मंग दहा राह्यले न बाप्पा,’ ते म्हणाले.