पाणी आधी मोरीतून येतं

आम्ही मुंबईत कुर्ल्याला मिठी नदीच्या काठाला राहतो. २६ जुलै २००५ ला मी सातवीत होतो, सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस पडला वगैरे नंतर कळलं, तेव्हा एवढंच की माळ्यावर सहा जण आणि एक मेणबत्ती. तेव्हापासून पावसाळा म्हणजे घरात पाणी, कमी नाहीतर जास्त.

३ वर्षांपूर्वी म्हटलं आता बास, सोसायटीचं कर्ज काढून जमीन दीड फूट उचलली, खाली डेब्रिज वर लादी. पहिल्या पावसात आमच्याकडे थेंब नाही, पण आमच्यात शिरायचं ते पाणी समोरच्या काकूंकडे गेलं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या टमरेलाने पाणी उपसत बसल्या होत्या, भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

मग नीट बघितलं पाणी येतं कुठून, तर दारातून आधी येतच नाही! गटार भरलं की मोरीच्या पाईपातून उलटं येतं. प्लंबर म्हणाला एनआरव्ही बसवा, म्हणजे झडप, पाणी बाहेर जातं आत येत नाही. पहिला काकूंकडे बसवला, मग बघून बघून बाकीच्यांनी बसवले. कचरा अडकला की झडप उघडीच राहते, त्यामुळे मे महिन्यात हात घालून साफ करायची, घाण काम आहे, इलाज नाही.

दुसरं म्हणजे भरती. मिठी माहीमच्या खाडीत जाते, साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच टायमाला धो धो पाऊस म्हणजे पाण्याला जायला जागाच नाही, त्यात विहार तलाव भरून मिठीत वाहायला लागला तर विचारूच नका. म्हणून मोठ्या भरतीच्या तारखा जूनमध्येच ग्रुपवर टाकतो, त्या रात्री दोघं जागे राहून भिंतीवर मारलेली लाल पट्टी बघतात, पाणी पट्टीला लागलं की सगळ्यांना उठवायचं, म्हातारी माणसं आधी बाहेर. लाईटचे बोर्ड डोक्याच्या वर घेतले, रेशनकार्ड-आधार पिंपात.

गेल्या वर्षी काकूंकडे दोनदा आलं, घोट्याएवढं. आता त्यांची जमीन उचलायचीय, पण यावेळी मिस्त्रीने आधी पाणी भरलेला पाईप धरून अख्ख्या गल्लीची लेव्हल काढलीय, उतार गटाराकडेच राहील असा. टेम्पो गल्लीत शिरत नाही, रविवारी घमेली वाहायला पोरं जमवतोय.