पो नदीच्या बांधावरून सायकलने : माझा (आणि दादाचा) अनुभव

दादा सांगलीहून माझ्याकडे म्युनिकला आला तेव्हाच त्याने सांगून टाकलं, किल्ले चर्च म्युझियम बास झाली, एखादी चांगली नदी दाखव. तो पाटबंधारे खात्यातून रिटायर झालाय, त्यामुळे नदी दाखव म्हणजे काठावर बसून कॉफी पिऊ असं नसतं, तर तिचं पाणी कुठून येतं, कोण अडवतं, पूर आला की कुठे जातं हे सगळं त्याला बघायचं असतं. आणि सायकल तो घरी रोज मारतो. मग मी ठरवलं की इटलीतली पो. गार्डा तलावातून मिन्चो नदी निघते, तिच्या कडेने मांतोवा, पुढे मिन्चो पोला मिळते तिथून पोच्या काठाने फेरारा, आणि जमलं तर पार समुद्रापर्यंत. नवरा म्हणाला सगळं सपाट आहे, काय अवघड त्यात. तो आला नाही.

सुरुवात रिझर्वेशनपासून. म्युनिकहून ब्रेनरमार्गे वेरोनाला युरोसिटी गाड्या जातात, त्यात सायकल नेता येते पण सायकलची जागा वेगळी बुक करावी लागते आणि या जागा मोजक्याच असतात. आपण सीट बुक करून निवांत बसतो आणि सायकलची जागा संपलेली असते, म्हणून आधी ती बघायची, मग हॉटेल. इटलीतल्या फास्ट गाड्यांत उभी सायकल घेत नाहीत (घडी घालून किंवा सुटी करून बॅगेत घातली तर चालते), पण लोकल म्हणजे रिजनाले गाड्यांत ज्या डब्यावर सायकलचं चित्र असतं त्यात चढवायची, तिचं वेगळं तिकीट, आम्ही गेलो तेव्हा साडेतीन युरो. वेरोनाहून पेस्किएरा, म्हणजे गार्डातून मिन्चो निघते ते गाव, अगदी जवळ. पण काही जुन्या डब्यांच्या पायऱ्या इतक्या उंच आहेत की सामान लावलेली सायकल एकट्याने वर चढवणं म्हणजे कसरत, आधी बॅगा काढायच्या, एकाने वर जाऊन हँडल ओढायचं, दुसऱ्याने खालून सीट ढकलायची. दादाने प्लॅटफॉर्मवरच्या एका कॉलेजच्या पोराला खुणेनंच कामाला लावलं, मराठीत बोलत होता, पोराला सगळं समजलं.

पेस्किएरा ते मांतोवा साधारण ४५ किलोमीटर, डांबरी, गाड्यांना बंद, सायकलवाल्यांनी भरलेला रस्ता. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. पण आम्हाला वेळ लागला कारण थोडंसं गेल्यावर सालिओन्झेचं नियंत्रक धरण लागतं, गार्डातून मिन्चोत किती पाणी सोडायचं ते इथे ठरतं, आणि दादा तिथून हलेचना. गेट मोजले, फोटो काढले. मी त्याला वाचून सांगितलं की शेजारच्या आदिजे नदीला मोठा पूर आला की डोंगरातून काढलेल्या एका बोगद्यातून तिचं पाणी गार्डात सोडतात म्हणजे वेरोना वाचतं. जवळजवळ १० किलोमीटरचा बोगदा, १९५९ मध्ये पूर्ण झालेला. यावर दादा बराच वेळ गप्प आणि मग म्हणाला, "असा एक आपल्याकडं असता तर." सांगलीच्या माणसाला पुढचं बोलावं लागत नाही, २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या घरात माळ्यापर्यंत होतं.

बोर्गेत्तोला पाणचक्क्या आहेत, १३९३ चा विस्कोंती पूल आहे, फोटोवाल्यांची गर्दी आहे, पुढे जा. मांतोवाला तिन्ही बाजूंनी तळी आहेत आणि वरच्या तळ्यात चक्क कमळं! १९२१ मध्ये लावलेली, आता इतकी माजलीत की दरवर्षी कापावी लागतात. आम्ही सप्टेंबरात गेलो त्यामुळे फुलं संपत आलेली, पानं मात्र छत्रीएवढी.

शाकाहारी लोकांसाठी एक : मांतोवाचे तोर्तेल्ली म्हणजे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता, त्यात बदामी बिस्किटाचा चुरा आणि फळांचा मोहरीवाला मुरांबा असतो, वरून बटर आणि सेजची पानं. गोड लागतो. दादाला वाटलं आधी स्वीट डिश आणली. फेराराला असाच पदार्थ मिळतो, काप्पेलाच्ची, तो कमी गोड आणि माझ्या मते जास्त चांगला. दोन्हीत चीज असतं आणि पार्मेजान, ग्राना या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्या.

मांतोवाच्या पुढे गर्दी संपते. गोवेर्नोलोला मिन्चो पोला मिळते आणि तिथून खरी पो सुरू होते, ६५२ किलोमीटर लांबीची, इटलीतली सगळ्यात लांब नदी. रस्ता बांधावरून जातो. हा पूरसंरक्षक मातीचा बांध, दोन-तीन मजली घराएवढा उंच, वर अरुंद डांबरी पट्टा. बांधाची देखभाल करणाऱ्यांसाठी आणि आसपासच्या शेतकऱ्यांसाठी हा रस्ता असतो, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या गाड्यांना बंदी, म्हणून सायकलला मोकळा. एका बाजूला खाली गावं, चर्चचा मनोरा, मका, टोमॅटो, दुसऱ्या बाजूला बांध आणि नदी यांच्यामधली मळीची जमीन, तिथे पॉपलरची झाडं रांगेत लावलेली, कुठूनही बघा, सरळ रेषा. नदी स्वतः फारशी दिसत नाही हे आधीच सांगते, कारण मी फोटो बघून गेले होते आणि फोटोवाले फक्त नदी दिसते तिथेच थांबतात.

ट्रॅफिकचा खरा त्रास एकाच ठिकाणी झाला, ओस्तिल्या ते रेवेरेचा पूल. ब्रेनरकडे जाणारा जुना हायवे याच पुलावरून जातो, ट्रक अंगाला घासून जातात की काय असं वाटतं. आम्ही सकाळी लवकर, लाईट लावून, मागेपुढे राहून पार केला. पलीकडे उजवा काठ धरला की पुन्हा शांतता.

आता सपाट म्हणजे सोपं या विषयाकडे येते. चढ नाही म्हणजे उतारही नाही, म्हणजे पाय कधीच थांबत नाहीत आणि बूडही सीटवरून उठत नाही, तासन् तास तीच एक बैठक. हात बधिर होतात. घाटात माणूस उभा राहतो, उतरतो, श्वास घेतो, इथे ते सगळं मुद्दाम करावं लागतं. आम्ही दर अर्ध्या तासाने उतरून शंभर पावलं चालायचो. दुसरं म्हणजे बांधावर सावली औषधालाही नाही. तिसरा वारा, समुद्राकडे जायला लागलं की दुपारनंतर तो समोरून येतो आणि बांध उंच असल्यामुळे लपायला जागा नाही. त्यामुळे सकाळी उजाडताच निघायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जेवढं होईल तेवढं उरकायचं. आणि साडेबाराला गावातली दुकानं बंद होतात ती चारच्या आसपास उघडतात, तेव्हा केळी, ब्रेड आणि पाणी आधीच घेऊन ठेवायचं. पाण्याचे नळ बहुतेक गावांत चौकात असतात, पण त्यासाठी बांध उतरून परत चढावा लागतो, तेवढाच काय तो चढ.

पंक्चरची गंमत वेगळीच. स्तेल्लाताच्या अलीकडे दादाचं मागचं चाक बसलं. टायर हातात फिरवून बघितला तर चार ठिकाणी रुतलेले सराटे! तेच आपले, दोन टोकदार शिंगांचे, पिवळ्या फुलाच्या वेलाचे. दादाला भेटल्यासारखं झालं. एक सराटा चिमट्याने उपटून त्याने तळहातावर ठेवला, उलटा केला, "बघ की, काट्याची लांबीसुद्धा तीच." कडेच्या कोरड्या मातीत वेल पसरलेले होते आणि आम्ही सावली शोधत नेमके तिथेच सायकली टेकवल्या होत्या. ट्यूब बदलली तरी टायरच्या आतून बोट फिरवून सगळे काटे काढायचे, एखादं तुटलेलं टोक राहिलं तर नवी ट्यूबही जाते. जाड टायर किंवा आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) असलेले असतील तर उत्तम.

स्तेल्लातापासून समुद्राजवळच्या गोरीनोपर्यंत देस्त्रा पो नावाचा अधिकृत सायकल मार्ग आहे, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सगळा बांधावरून, खुणा व्यवस्थित. फेराराजवळ समोरच्या काठाला ऑक्योबेल्लो आहे, तिथे नोव्हेंबर १९५१ मध्ये डाव्या काठाचा बांध फुटला आणि पलीकडचा पोलेसिने हा सगळा भाग पाण्याखाली गेला. शंभराच्या आसपास माणसं गेली, लाखांवर बेघर झाली, हजारो कुटुंबं मिलान-तोरिनोकडे गेली ती परत आलीच नाहीत. दादाने विचारलं आता हा बांध सांभाळतं कोण, तर नदी चार प्रांतांतून जाते म्हणून चार प्रांतांनी मिळून एक संस्था केलीय, आयपो, ती. हे त्याला सगळ्यात आवडलं, कृष्णेच्या पाण्यावर दोन राज्यांच्या मीटिंगा त्याने बघितल्यात.

फेरारात लोक साडी-सूट म्हणावं तशा कपड्यात, आज्या बाजाराच्या पिशव्या लावून, सगळे सायकलवर. जुन्या तटबंदीचा ९ किलोमीटरचा फेरा आहे, तो संध्याकाळी मारा, पण मच्छर लोशन लावून. डासांबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्यापेक्षा मोठे.

फेराराच्या पुढची जमीन काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली आहे. एके काळी दलदल होती, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठे पंप लावून सुकवली, आणि ते पंप आजही बंद करता येत नाहीत, केले तर पाणी परत येईल. तिथे भात पिकतो. गोरीनोला पोच्या फाट्यावर होड्यांवर टाकलेला पूल आहे, सायकलवरून जाताना फळ्या खडखड वाजतात, पलीकडे जाऊन परत आलो.

गोरीनोला रेल्वे नाही. परतीसाठी कोदिगोरोपर्यंत सायकलने यायचं, तिथून छोटी गाडी फेराराला जाते, सायकल घेते. ही गाडी दिवसभर सारखी नसते, त्यामुळे वेळ आधी बघून ठेवा. आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं पण कोदिगोरोलाच तो मोठा पंपिंग स्टेशनचा कारखाना आहे, दादा कुंपणाला नाक लावून उभा. आत कोणी सोडेना. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून मी त्याची सायकलपण घेऊन निघाले, तेव्हा मागून पळत आला आणि पहिला प्रश्न, "ह्यांना वीजबिल किती येत असेल गं?"