टाचण्या दातात धरायची सवय आणि माझा जबडा

मागच्या लग्नसराईत, ऐन घाईत, माझा उजवा कान ठणकायला लागला. मी साताऱ्यात घरीच ब्लाउज शिवते, २२ वर्षं झाली. त्या दिवसांत रात्री एक-एक वाजेपर्यंत मशिन चालू असायचं. सकाळी उठलं की कानशिलं जड, आणि भाकरीचा पहिला घास चावला की कानाजवळ कट्ट असा आवाज. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, कान अगदी स्वच्छ आहे, दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी माझ्या दोन्ही कानांच्या पुढ्यात बोटं ठेवली आणि तोंड उघड-मीट करायला लावलं. उजवीकडचं हाड उडी मारल्यासारखं सरकलं, ते मलाही जाणवलं. मग म्हणाल्या, "ताई, तीन बोटं उभी तोंडात घाला बघू." दोनच गेली.

कानापुढचा हा जबड्याचा सांधा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड मोठं उघडताना पुढेही सरकतो. दोन हाडांच्या मधे कूर्चेची छोटी चकती असते. ती पुढे निसटली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं, तोच तो कट्ट. चकती पुढेच अडकून बसली तर तोंड नीट उघडत नाही. कान इतका लगत, की दुखणं कानातलंच वाटतं. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. टाचण्या दातात धरते, दोरा दातानंच तोडते. त्यांनी विचारलं, "आणि आत्ता दात कुठे आहेत तुमचे?" वरचे-खालचे दात घट्ट एकमेकांवर होते! मला वाटायचं तोंड मिटलं की दात मिटणारच. तसं नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ सैल, अशी जबड्याची विश्रांती असते. दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना. हे मला पंचेचाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तर हे सगळं लिहितेय.

घरी येऊन मशिनवर एक लाल बटण चिकटवलं. नजर गेली की दात बघायचे. पहिल्या दिवशी जवळजवळ दरवेळी आवळलेले सापडले, आणि बाही मुंढ्यात बसवताना तर हटकून. टाचण्यांसाठी मनगटाला उशी बांधली, दोऱ्याला छोटी कात्री घेतली.

बाकी उपाय साधे होते. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं गरम शेक. तीन आठवडे मऊ भात, मुगाची खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी. ऊस आणि चिक्की बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. थोडे दिवस डॉक्टरांनी दिलेली गोळी. मी झोपेत दात खाते असं सासूबाई म्हणायच्या, म्हणून मापाचं नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरणही बनवून घेतलं. पहिल्या काही रात्री तोंडात लाळ सुटून झोप लागेना, मग सवय झाली. एका ओळखीच्या बाईंना कुणीतरी दात झिजवून चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसायची ठेवण, बदलायला सांगितलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, झिजवलेला दात परत येत नाही, असलं काही सुरुवातीला करू नका. बहुतेकांना साध्या उपायांनीच बरं वाटतं.

मात्र दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडायला लागलं तर कारण वेगळं असू शकतं, लगेच तपासून घ्या. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखला किंवा सोबत छातीत दडपण, घाम आला, तर दातांकडे नको, तडक दवाखाना गाठा. ते हृदयाचं असू शकतं.

माझी आता तीन बोटं जातात, तिसरं जरासं ताणून. कट्ट अजून होतं, दुखत नाही. शिकायला येणाऱ्या मुलीनं परवा टाचणी दातात धरली, तर काम थांबवून आधी तिच्या मनगटाला उशी बांधली.