बुंदी शहाणी झाली होती

रविवार, रात्री साडेदहा

आज बुंदीने आईची चप्पल पळवली. पट्टा पार चघळून टाकलाय. गेल्या दीड वर्षात असा गुन्हा घडला नव्हता, म्हणून लिहून ठेवतेय.

मधल्या काळात आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत होतो, बुंदी आता शहाणी झाली. बेल वाजली तरी दाराकडे धावायची नाही. सोफ्यावर चढायची नाही. फिरायला नेलं की कोपऱ्यावरच्या चिंचेपासूनच माघारी वळायची. अकरा वर्षांची लॅब्रॅडॉर, आला असेल पोक्तपणा! उजवं कोपर सारखं चाटायची, तेही आम्ही सवयीच्या खात्यात टाकलं. कुत्र्याला दुखलं की ते केकाटतं अशी माझी समजूत. संधिवातात कुत्रं बहुधा ओरडत नाही, एकेक गोष्ट करायचं सोडून देतं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका सकाळी उठता उठता तिचे पुढचे पाय फरशीवर फाकले. तशीच पडून माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी आधी मोबाईलवर व्हिडिओ काढून आणायला सांगितलं, झोपेतून उठतानाचा आणि जिना उतरतानाचा, कारण दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं बरेचदा लंगडत नाही. मग एक्स-रे. दोन्ही कोपरांत आणि डाव्या खुब्यात संधिवात.

आदल्या रात्रीचं इथे कबूल करून टाकते. आईच्या गुडघ्यांचं मलम मी बुंदीला चोळायला घेतलं होतं, नळीचं झाकणही काढलं होतं. त्यात डायक्लोफिनॅक, माणसांचं वेदनाशामक! कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटणार, आणि ते पोटात गेलं की जठराला व्रण, मूत्रपिंडाला इजा. आयबुप्रोफेनचंही तसंच. डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण रात्री अकरा वाजता 'आईला चालतं की' एवढंच सुचलं. नशीब, बुंदी उठून दुसऱ्या खोलीत गेली.

आता तिला मेलॉक्सिकॅम हे डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक चालू आहे, वजनाच्या हिशेबाने आणि जेवल्यावरच. आधी रक्त तपासून लिव्हर-किडनी बघितली. उलटी झाली किंवा शी काळी दिसली तर औषध थांबवून लगेच फोन करायचा.

औषध सोपं. अवघड गेलं ते आईला आवरणं. बुंदी छत्तीस किलोची झाली होती, आणि रोज दुपारी आईच्या ताटातली तूप लावलेली पोळी तिच्या पोटात जात होती. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेला प्रयोग मी आईला वाचून दाखवला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, तर कमी खाणारी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरायला लागले. आई म्हणाली, "उपाशी राहून दोन वर्षं जास्त काढायची, त्यात काय गं सुख?" शेवटी तह झाला, पोळीऐवजी काकडीच्या चकत्या. आज बुंदी एकतीस किलो आहे. आई मात्र अजून माझ्यावर धुसफुसते.

घरातली चकचकीत फरशी ही तिची दुसरी वैरीण. दहा वर्षांपूर्वी हौसेने बसवलेली! आता हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत रबरी मॅट अंथरल्यात, घर जिमसारखं दिसतं. नखं वेळच्या वेळी कापते, पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केसही, नाहीतर पाय सरकतो. पाण्याचं भांडं पाटावर ठेवलंय. झोपायला जाड फोम, त्यावर गोधडी. जिन्यावर पोटाखालून जुनी ओढणी घालून मागचा भार मी उचलते. एका दमात पाऊण तास फिरणं बंद केलं, पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा जातो. चेंडू माळ्यावर टाकलाय. धावत जाऊन गर्रकन वळणं तिला परवडत नाही.

आणि आज ही चप्पल. दारातून उचलली, मॅटवरून मॅटवर पाय ठेवत हॉल ओलांडला आणि गॅलरीत जाऊन बसली. आई काठी टेकत मागोमाग गेली. "भवाने, नवी होती गं!" थोड्या वेळाने बघते तर आई खुर्चीत, बुंदी पायाशी, आणि आईच्या हातात काकडीची वाटी.

गॅलरीच्या उंबऱ्यापाशी मॅट दोन फूट कमी पडतेय. तिथे तिचा मागचा पाय सरकला. उद्या मोजून आणखी एक आणते.