गीझर पेटत नाही तेव्हा

दादरच्या आमच्या जुन्या घरातील गॅस गीझर यंदाच्या पावसाळ्यात रोज सकाळी अडून बसू लागला: नळ सोडल्यावर टिकटिक ऐकू येई, पण ज्योत पेटत नसे. या टिकटिकीकडे नीट कान द्यावा, कारण निम्मे निदान तिथेच होते. आवाजच नसेल, तर बहुधा दीड व्होल्टचे दोन सेल उतरलेले असतात, किंवा पाण्याचा दाब कमी पडल्याने आतला रबरी पडदा स्विच दाबू शकत नाही. गच्चीवरील टाकीच्या लगत खाली असलेल्या मजल्यांवर हे वारंवार घडते. ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर ती ओळखणाऱ्या सळईवर काजळी साचलेली असू शकते. गॅसचा वास येत असेल, तर मात्र काहीही तपासत न बसता कॉक बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि तंत्रज्ञाला बोलवावे. आमच्याकडे दमट हवेने ठिणगीच्या टोकावर गंज चढला होता. कॉक आणि नळ बंद करून, सेल काढून, ते टोक बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासले, आणि दुसऱ्याच ठिणगीला निळी ज्योत धरली.