इन्सिपिड, म्हणजे सपक!

आज वाचताना 'इन्सिपिड' हा इंग्रजी शब्द आडवा आला. वाक्य कुणाच्या तरी बोलण्याबद्दलचं, आणि शब्दकोशात पहिलाच अर्थ निघाला, बेचव! म्हटलं, बोलण्याला कुठली आलीय चव? मग माझंच मला हसू आलं. आपण नाही का 'मिळमिळीत भाषण', 'सपक विनोद' म्हणत? 'नीरस' तर इतका गुळगुळीत झालाय की त्यातला रस कुणाला आठवतही नाही.

खरी गंमत 'इन्सिपिड'च्या मुळाशी आहे. लॅटिन 'सापेरे' म्हणजे चव असणं, चव कळणं, आणि शहाणं असणंही. 'होमो सेपियन्स'मधला सेपियन्स त्याच घरातला. (शहाणपण जिभेवर असतं, हे आधी माहीत असतं तर!)

संध्याकाळी हे सगळं उत्साहाने लेकीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, फारच इन्सिपिड."

उच्चार मात्र अचूक होता.