तीन सेकंद आधी

शनिवारी रात्री आतषबाजी आहे, तीही गाण्यांच्या तालावर. आज कुठे मंगळवार. घरात या विषयावर एवढं बोलणं झालंय की "आता प्रत्यक्ष नाही झाली तरी चालेल," असं नवऱ्याने जाहीर करून टाकलं. त्याचंही चूक नाही. मला कार्यक्रमाइतकीच त्याची वाट बघायला आवडते. आणि हा कार्यक्रम तर बेतलेलाच वाट बघण्यावर असतो.

म्हणजे बघा, आपल्याला काय दिसतं? ठेका समेवर आला आणि आकाशात लाल फूल उमललं. वाटतं, कुणीतरी सम ऐकून बटण दाबलं. पण तसं दाबलं तर फूल उमलेपर्यंत गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असेल. गोळा नळ्यातून सुटतो, वर चढतो, पोटातली वात जळत जाते आणि मग तो फुटतो. लहान गोळ्याला दोन-अडीच सेकंद लागतात, मोठ्याला चार-पाच. सहा इंची गोळा साधारण 600 फुटांवर फुटतो, तेवढी चढण त्याने चढायची असते. त्यामुळे सम गाठायची तर त्याला आधीच, भलत्याच मात्रेवर सोडावं लागतं. एकाच समेवर लहान-मोठे सगळे फुलवायचे असतील तर मोठ्यांना अजून आधी. सगळ्यांनी एकदम पोचायचं म्हणून लांबच्यांनी पहाटे निघायचं, तसंच हे.

ही सगळी मांडणी संगणकावर आधीच झालेली असते. त्या रात्री संगणक ठरल्या क्षणी एकेका नळ्याला विजेची ठिणगी देतो, बस. मला कुतूहल त्या आधीच्या माणसाचं. कानाला हेडफोन लावून त्याने एकच गाणं किती वेळा ऐकलं असेल! इथे गोल गरगरीत फूल, तिथे लांबवलेल्या सुराला ओघळणारी सोनेरी जटा. तिच्यात कोळशाचं प्रमाण जास्त, म्हणून ठिणग्या सावकाश जळतात आणि खाली उतरेपर्यंत टिकतात. निळा रंग आला की मी मनातल्या मनात दाद देते. तो तांब्याच्या संयुगांपासून येतो आणि भारी नाजूक असतो, ज्योत जरा जास्त तापली की फिकटतो. स्ट्रॉन्शियमचा लाल त्या मानाने गुणी, सांगितल्याबरोबर उगवतो.

उत्सुकतेचं हे वेड काही माझ्या एकटीचं नाही. 1749 साली लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये राजाने मोठी आतषबाजी ठरवली आणि त्यासाठी हँडेलकडून खास संगीत करून घेतलं. मुख्य कार्यक्रम 27 एप्रिलचा. पण सहा दिवस आधी वाद्यवृंदाची नुसती तालीम होती, तिलाच 12,000 च्या वर माणसं लोटली आणि लंडन ब्रिजवर गाड्या तीन तास तुंबल्या, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे. खुद्द कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस आला आणि सजवलेल्या मंडपाच्या एका बाजूने पेट घेतला. तालमीला जाऊन आलेले लोकच शहाणे म्हणायचे.

आमच्याकडेही मागच्या वेळी घोळ झालाच. ऐन रंगात स्पीकर बंद पडले. गोळ्यांना त्याचा पत्ताच नाही, ते आपले वेळच्या वेळी सुटत राहिले. गर्दीतून "अरे, अरे" असा हळहळीचा आवाज उठला आणि विरला. लेक माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसली होती, तिने तो सोडला नाही. तिचं बोट पडायचं आणि वर उजेड व्हायचा. कडव्यात एकेक सुटं फूल, आणि ध्रुवपदाला अख्खं आकाश भरून! वीसेक सेकंदांनी आवाज परत आला, तेव्हा गाणं तिच्या बोटाशी अगदी जुळत होतं. माझा गुडघा मात्र दुसऱ्या दिवशीही हुळहुळत होता.

यंदा प्रश्न बसायचं कुठे हा आहे. स्पीकर शेजारी आणि गोळे किलोमीटरभर लांब अशी जागा मिळाली, तर गाणं आणि उजेड एकत्र येतात, पण धमाका तीन सेकंद मागून. प्रत्येक समेनंतर कुणीतरी उशिरा आल्यासारखा दार वाजवतो. फार जवळ बसलं तर मान दुखते. आणि वारा पाठीवरूनच हवा, नाहीतर दहाव्या मिनिटाला पुढ्यात नुसता धूर. नवऱ्याचं मत, गच्चीवरून बघावं. तिथून गाणं ऐकू येणार नाही, हे त्याच्या दृष्टीने जमेचं आहे.

मला जवळचीच जागा हवी, कारण तिथून ती ठिणगी दिसते. फुटण्याआधी काळोखात वर सरकणारी बारीकशी रेघ, आणि मग ती विझल्यावरचा तो रिकामा क्षण. श्वास अडकतो तो तिथे. फूल दिसलं की सुटतो.

काल रात्री जेवणं झाल्यावर लेकीने त्यातलंच एक गाणं लावलं. कडवं संपत आलं, ध्रुवपदाला अजून तीन सेकंद असतील, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आई, सुटला."

आम्ही दोघी छताकडे बघायला लागलो. जरा वेळाने नवऱ्यानेही वर बघितलं.